मुंबईच्या शर्यतीसाठी वाऱ्याची वेगळी तयारी करावी का?

पहाटवारा
जानेवारीची मॅरेथॉन जवळ आली की आमच्या ग्रुपवर एनर्जी जेल कुठलं, बूट कुठले, पेडर रोडचा चढ कसा काढायचा, हेच चालू असतं. वाऱ्याचं नाव कोणी काढत नाही. माझं ठाम मत आहे की समुद्राच्या कडेने पळणाऱ्याने वाराही उन्हाइतकाच मनावर घ्यावा.

वांद्रे-वरळी सागरी सेतूच बघा. साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबी, आडोशाला इमारत नाही की झाड नाही. एरवी तिथे ना पायी जाता येत, ना सायकलने. त्यामुळे त्या पट्ट्याची आणि आपली गाठ थेट शर्यतीच्याच दिवशी. फुल म्हणजे पूर्ण मॅरेथॉन पळणारे वरळीहून वांद्र्याकडे, म्हणजे उत्तरेला तोंड करून जातात आणि जानेवारीत पहाटेचा वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा. घड्याळातला पेस, म्हणजे ठरवलेला वेग, राखायला लोक तिथे जोर काढतात आणि परतीला पेडर रोडवर पाय उचलत नाहीत.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० किमीने पळताना समोरून १० चा वारा आला की अंगावर २० ची हवा, म्हणजे रोध चौपट. पुढे तोच वारा पाठीशी आला तरी गेलेलं सगळं भरून निघत नाही. म्हणून काही लाँग रन मुद्दाम संध्याकाळी मरीन ड्राइव्हला किंवा वरळी सी फेसला, वाऱ्याच्या तोंडावर करा. पेस न बघता श्वासाच्या अंदाजाने पळायची सवय तिथेच लागते.

वरळीकर
असहमत. रोध चौपट, पण मुळात किती होता त्याच्या चौपट? डेव्हिस यांच्या १९८० च्या अभ्यासात बिनवाऱ्याच्या दिवशी हवेचा रोध कापायला मॅरेथॉनच्या वेगाने पळणाऱ्याची सुमारे २ टक्के शक्ती जाते असं आलं होतं, आणि तो वेग अव्वल धावकांचा. तुम्ही म्हणता ती ताशी २० ची हवा ते लोक वारा पडलेला असतानाही अंगावर घेतात. चार-साडेचार तासांत फुल करणाऱ्याने त्यासाठी सरावाचं वेळापत्रक बदलावं, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडे जानेवारीत पहाटे मतलई वारे असतात आणि ते बेताचेच. खारे वारे सुटतात ऊन चढल्यावर. मुंबईत माणूस बसतो तो दमटपणाने. घाम येतो पण सुकत नाही, अंग तापत जातं. सेतूवर समोरून वारा आला तर मी म्हणेन बरं झालं, घाम तरी उडेल. सरावाचे मोजके तास वाऱ्याशी झुंजण्यात घालवू नका. उन्हात पळायची सवय, मिठाचं आणि पाण्याचं गणित, यावर घालवा.

दोन_चाकं
धावण्यापुरतं वरळीकरांचं बरोबर असेल. पण गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) जाणारे मुंबईकर दरवर्षी वाढतायत, आणि ९० किमी सायकलला हा हिशेब लागू होत नाही. ताशी ३० ने सायकल चालवताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. शिवाय दुसऱ्याच्या मागे लपायची सोय नाही, १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पेनल्टी.

आडवा वारा सगळ्यांत वाईट. नवी मुंबईत पाम बीच रोडला पहाटे सराव करणाऱ्यांनी बघितलं असेल, इमारतींची रांग संपून खाडीची बाजू उघडी झाली की पुढचं चाक झटका देतं. खोल रिमचं, म्हणजे उंच कडेचं, चाक असेल तर जास्तच. अशा वेळी माणूस हँडल आवळून धरतो आणि बाटलीला हात लावायचंच विसरतो. तासभर पाणी नाही प्यायलं की त्याचा हिशेब पुढच्या २१ किमीत चुकता होतो. वाऱ्यात एका हाताने सायकल सांभाळत पिणं हे कौशल्य आहे आणि ते वाऱ्यातच शिकता येतं. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवून, नाही.

पहाटवारा
@दोन_चाकं +१.
@वरळीकर, अव्वल धावक एकेकटे हवा कापत नाहीत, घोळक्यात पळतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की पुढच्या धावकाच्या मागे मीटरभर राहिलं तर हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास ८० टक्के वाचते. मध्यम पल्ल्याच्या वेगाला, हे खरं. तरी सेतूवर एकट्याने कडेने पळण्यापेक्षा पेसरच्या (ठरलेल्या वेगाने पळून वाट दाखवणाऱ्याच्या) मागे राहणं केव्हाही चांगलं. २०१८ ची बॉस्टन आठवा, समोरून वारा आणि गारठवणारा पाऊस. तिथे युकी कावाउची २:१५:५८ मध्ये जिंकले. त्या दिवशी ठरलेल्या वेळेला चिकटून बसणाऱ्यांची धडगत नव्हती.

वरळीकर
बॉस्टनला थंडीने माणसं कुडकुडत होती, आपल्याकडे उलट. पेसरच्या घोळक्यात मधोमध सापडलात की वारा लागतच नाही, सगळ्यांच्या घामाची वाफ तेवढी मिळते. मी तर सेतूवर मोकळ्या बाजूने पळा असंच सांगेन.

माहीमची_धावपटू
तुम्ही दोघंही समोरच्याच वाऱ्याबद्दल बोलताय. माझ्यासारख्या पाच-सव्वापाच तास घेणाऱ्यांना त्रास होतो तो पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा. वेग ताशी ८, मागून वाराही ८ चा, की अंगाला हवाच लागत नाही. वारा आहे आणि तरीही घुसमट होते, ती यामुळे. परतीला वरळीवरून सीएसएमटीकडे आपलं तोंड दक्षिणेला आणि सूर्य वर आलेला. त्या वेळी उत्तरेकडचा वारा टिकून असला तर तो पाठीलाच लागतो. तीन तासांत पोहोचणाऱ्यांना ती वेळ बघावीच लागत नाही.

त्यामुळे माझी तयारी वेगळी असते. सेतूवर वारा समोर असताना पेस सोडून देते, पण पाणी सोडत नाही, कारण घाम उडत असतो आणि तहान जाणवत नाही. हाजी अलीनंतर पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर एक ग्लास पोटात आणि एक डोक्या-मानेवर. टोपी जाळीची, नाहीतर ओली टोपी डोक्यावर गरम होते. आणि बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराला, चारही पिना लावा; दोनच लावल्या तर सेतूवर तो फडफडून जीव नकोसा करतो.

@पहाटवारा, संध्याकाळचा मरीन ड्राइव्ह जरूर करा. पण वाऱ्याच्या तोंडावर जाऊन टॅक्सीने परत येऊ नका. परतीचाही पळा, आणि त्या वेळी किती पाणी लागतं ते लिहून ठेवा.