मापो टोफूत तिरफळ चालेल का?

टिळकवाडी_स्वयंपाक: मापो टोफू (चीनच्या सिचुआन प्रांतातला तिखट रश्शातला टोफू) करायचाय, ४०० ग्रॅमचा. सिचुआन मिरी बेळगावात मिळेना, तिरफळं घरात आहेत. दोन्ही एकाच जातकुळीतली म्हणतात, मग अदलाबदल चालेल का? आणि दोबानज्यांगऐवजी (त्यात लागणारं मुरवलेलं मिरचीचं वाटण) संकेश्वरीचा ठेचा घातला तर? श्रावण आहे, त्यामुळे खिमा नको.

खानापूर_घाट: जातकुळी एकच, दोन्ही झँथोझायलम. झाडं मात्र वेगळी. तिरफळाचं टरफल जाड, वास उग्र, संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. जिभेला मुंग्या येतात, पण सिचुआनच्या लाल मिरीएवढ्या नाहीत. मुंग्या वाढवायला म्हणून तिरफळ वाढवलंत तर नुसता कडवटपणा वाढेल.

बांगड्याच्या आमटीत आपण तिरफळं ठेचून शेवटी टाकतो, वाटणात घालत नाही, ते याचसाठी. मापोवर मात्र पूडच पेरायची असते. आधी काळं बी काढून टाका. त्याला चव नाही, दाताखाली वाळूसारखं येतं. टरफलं मंद आचेवर कोरडीच परता, वास सुटला की लगेच उतरवा. काळवंडली तर दुसरी घ्या. कुटून चहाच्या गाळणीतून चाळा, वर राहील तो पांढरट चोथा टाकून द्या. एवढ्या टोफूला पाव चमचा पुरे (खरी मिरी असेल तर पाऊण). गॅस बंद केल्यावरच घाला, उकळीत सुगंध उडून जातो.

निपाणी_तिखट: ठेच्यानं भागणार नाही हो. दोबानज्यांगमध्ये मिरचीइतकंच काम बाकल्याच्या (ब्रॉड बीन) डाळीचं असतं. सिचुआनमधल्या चेंगदू शहराजवळच्या पिश्यानची पद्धत अशी: सोललेल्या डाळीला गव्हाचं पीठ चोळून बुरशी धरू देतात, मग मिठात मुरवतात, त्यात खारवलेली कुटलेली मिरची मिसळतात. रांजण दिवसा उन्हात उघडे, रोज ढवळायचे, पाऊस आला की झाकायचे. चांगलं मुरायला वर्ष तरी जातं. ती खोल चव ठेच्यात कुठून येणार? बरणी ऑनलाइन मागवा, लेबलवर पिश्यान आहे का बघा.

तोवर भागवायचंच असेल तर दोन चमचे लाल मिसो (सोयाबीन आंबवून केलेलं जपानी वाटण) आणि भिजवून वाटलेल्या मिरच्या: तीन ब्याडगी, एक संकेश्वरी. तिकडची अरज्यिंगत्याव मिरची रंगाला आणि वासाला घेतात, म्हणून ब्याडगीच जवळची. एकट्या संकेश्वरीनं नुसता जाळ होईल.

तीन मोठे चमचे तेल, मंद आच, त्यात हे वाटण तेल तांबडं होईपर्यंत परता. आच मोठी झाली की मिरची करपते आणि अख्खा पदार्थ कडू. मग एक चमचा आलं-लसूण, एक कप पाणी. मीठ चाखूनच, दोबानज्यांग आणि मिसो दोन्ही खारट. मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो. श्रावणात भिजवलेले शिताके (सुकवलेले मशरूम) बारीक चिरून घाला, भिजवणीचं पाणीही वापरा.

शहापूर_पेठ: टोफूबद्दल कुणी बोललंच नाही. पनीरसारखा घट्ट टोफू यात रस धरत नाही, मऊच घ्या. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून मिठाच्या गरम पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, पण खळखळ उकळी नको. कच्चा सोयाचा वास जातो आणि तुकडे जरा आवळून येतात. रश्शात घातल्यावर ढवळू नका, उलथन्याच्या पाठीनं हलकेच ढकला.

कॉर्नफ्लोअर एक चमचा, पाणी तीन चमचे, आणि हे तीन वेळा विभागून. एकदम ओतलं तर टोफूतून सुटणाऱ्या पाण्यानं रस्सा पुन्हा पातळ होतो. शेवटी लसणाची ओली पात. आणि वर आलेला कट काढू नका, तो तसाच असतो.

टिळकवाडी_स्वयंपाक: कांद्याची पात चालेल?

शहापूर_पेठ: चालते की. हिरवा भागच घ्या, आच बंद करायच्या आधी अर्धा मिनिट.