बारावीच्या मुलांना केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी तयार करायचे आहे. सुरुवात कधी आणि कशी करावी?

भांडुपची अभ्यासिका

नमस्कार. भांडुपच्या डोंगराळ वस्तीत आम्ही चार-पाच जण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. यंदा अकरावी-बारावीची मिळून १९ मुले येतात. त्यांपैकी विज्ञान शाखेची चारच असून बाकीची कला आणि वाणिज्य शाखेची आहेत. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाचे सुरक्षारक्षक आहेत, काहींचे नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करतात. बहुतेकांच्या आया घरकाम करतात. आतापर्यंत आम्ही फक्त अभ्यासाकडे लक्ष दिले. शिष्यवृत्तीचे महाविद्यालय बघून घेईल, अशी आमची समजूत होती.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीला वाणिज्य शाखेत ८४ टक्के मिळाले. केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी तिने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायला घेतला, पण उत्पन्नाचा दाखला हातात येईपर्यंत मुदत संपून गेली. आता ती सकाळी तासांना बसते आणि दुपारपासून रात्रीपर्यंत दुकानात उभी असते. तिची हुशारी कमी पडली नाही, आम्ही कमी पडलो, हे मनातून जात नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. '८० पर्सेंटाइल'ची अट नेमकी काय आहे? अकरावीपासूनच कोणती तयारी करून घेता येईल? आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजनेसाठी अर्ज केला, तर केंद्राची शिष्यवृत्तीही घेता येते का?

प्राध्यापिका, दादर

आपण हा प्रश्न वेळेवर विचारला आहे. आमच्या पदवी महाविद्यालयात मी काही वर्षे शिष्यवृत्तीची नोडल अधिकारी होते, त्यामुळे अर्ज कुठे अडकतात हे जवळून पाहिले आहे.

आपण म्हणता ती पीएम-यूएसपी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजना. तिच्यात देशभरात दरवर्षी जास्तीत जास्त ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी असतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. म्हणजे बी.ए. आणि पुढे एम.ए. करणाऱ्या मुलीला पाच वर्षांत ७६,००० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असावे लागते. ही मर्यादा महिन्याला ३७,५०० रुपये पडते, त्यामुळे आई-वडील दोघेही कमावत असले तरी आपली बहुतेक मुले तिच्यात बसतील. 'आमचे दोघांचे उत्पन्न आहे, आम्हाला काही मिळणार नाही' असे म्हणून पालक आधीच माघार घेतात, तेव्हा हा हिशेब त्यांच्यासमोर जरूर मांडा.

पर्सेंटाइलचा अर्थ टक्के नव्हे, आणि याच गैरसमजामुळे सर्वांत जास्त नुकसान होते. आपल्या मंडळातून आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या साधारण २० टक्क्यांत असणे, ही अट आहे. तुलना संपूर्ण राज्य मंडळातील त्या शाखेच्या मुलांशी होते. महाविद्यालयातल्या किंवा मुंबई विभागातल्या मुलांशी नव्हे. प्रत्येक शाखेची गुणांची रेषा वेगळी असते आणि ती दरवर्षी बदलते. त्यामुळे कला शाखेत ७६ टक्के मिळालेल्या मुलीने 'मला ८० नाहीत' म्हणून घरी बसू नये, आणि विज्ञानातल्या ८१ टक्क्यांच्या मुलाने 'माझे झालेच' असेही समजू नये. शिष्यवृत्त्यांची वाटणी विज्ञान, वाणिज्य आणि कला यांच्यात ३:२:१ अशी आहे, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांच्यासाठी आरक्षण आहे. निकाल लागल्यावर अंदाज बांधत न बसता सर्वांचे अर्ज भरून घ्यावेत. बारावी झाली त्याच वर्षी नवा अर्ज करायचा असतो, एवढे लक्षात असू द्या.

आपल्या तिसऱ्या प्रश्नावर मात्र पालकांशी बसून बोलावे लागेल. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती, राज्याची शुल्कमाफी किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेत असल्यास केंद्राची ही शिष्यवृत्ती मिळत नाही. 'दोन्हीकडे अर्ज करून बघू' असे मुले करतात आणि पुढे अडचणीत येतात. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राला जाणाऱ्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळत असेल, तर ती १२,००० रुपयांपेक्षा बरीच अधिक भरू शकते. २०२४-२५पासून तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्काची संपूर्ण सवलत आहे. अशा मुलीने केंद्राच्या शिष्यवृत्तीमागे धावू नये. उलट, अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या मुलीचे शुल्क मुळात कमी असते आणि तिचा खरा खर्च रेल्वेचा पास, पुस्तके आणि डबा यांचा असतो. तिच्या खात्यात थेट येणारे १२,००० रुपये तिला अधिक उपयोगी पडतात. आपल्याकडे कला-वाणिज्याचीच मुले जास्त असल्यामुळे मी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

बँकेतला एक कर्मचारी

ताईंनी योजना नीट समजावली आहे. मी फक्त पैसे खात्यात पोहोचण्याविषयी लिहितो. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, अशी तक्रार घेऊन मुले आमच्या खिडकीवर येतात, तेव्हा बहुतेक वेळा खाते आधारशी जोडलेले असते, पण थेट लाभ हस्तांतरणासाठी त्या खात्याची नोंद झालेली नसते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते आणि जिथे शेवटची नोंद झाली तिथे पैसे जातात. मुलाने मध्येच मोबाइल दुकानात दुसऱ्या बँकेचे खाते उघडलेले असते आणि पैसे तिकडे गेल्याचे त्याला माहीतही नसते. आधारच्या संकेतस्थळावर कोणत्या बँकेची नोंद आहे ते पाहता येते. अकरावीतच एकदा पाहून घ्यावे.

खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवे. लहानपणी पालकांसोबत उघडलेले खाते असेल, तर अठरा पूर्ण होताच बँकेत जाऊन ओळखपत्रे आणि सही नव्याने द्यावी लागते. आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे सर्वांत आधी तपासा. वडिलांचा जुना क्रमांक बंद पडलेला असतो आणि ओटीपी कोणाच्या हाती येतो ते कळत नाही.

माजी लाभार्थी, मानखुर्द

मला ही शिष्यवृत्ती बी.एस्सी.ची तिन्ही वर्षे मिळाली, म्हणून अनुभवातून लिहितो. माझ्या आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी होते आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. नुसत्या क्रमाच्या फरकाने कदाचित अडले नसते, पण वडिलांच्या नावाचे स्पेलिंगही वेगळे होते. गुणपत्रिकेतली दुरुस्ती फार वेळखाऊ असते, त्यामुळे मी आधारमधले नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घेतले. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून घाईने चुकीचे करून घेऊ नये.

दुसरे म्हणजे, एकदा मिळाली की दरवर्षी आपोआप मिळत राहील, असे नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते. मी दुसऱ्या वर्षी रात्रपाळी धरली होती. उपस्थिती घसरू लागल्यावर माझ्या प्राध्यापकांनी बोलावून सांगितले की नोकरीचे तास कमी कर, नाहीतर हातचे १२,००० जातील. त्यांचे ऐकले म्हणून निभावले. आपल्या मुलांनाही प्रवेश घेतानाच हे कोणीतरी सांगायला हवे.

भांडुपची अभ्यासिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी सर्व मुलांची आधार कार्डे आणि दहावीच्या गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून नावे ताडून पाहणार आहोत. एक शंका उरते. नाक्यावर काम करणाऱ्या वडिलांकडे पगाराची चिठ्ठी नसते, मग उत्पन्न दाखवायचे कसे? आणि आमच्याकडे अनुसूचित जातीची पाच मुले आहेत, त्यांनीही हाच अर्ज करावा का?

प्राध्यापिका, दादर

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्यासाठी 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. पगाराची चिठ्ठी नसलेल्या पालकांनी स्वयंघोषणापत्र आणि शिधापत्रिका जोडावी. तलाठ्यांच्या चौकशी अहवालावर दाखला मिळतो. या चौकशीलाच दिवस लागतात आणि बारावीचा निकाल लागल्यावर सर्वांची एकदम गर्दी होते, म्हणून नवे आर्थिक वर्ष लागताच, एप्रिलमध्येच अर्ज करावा. दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे छापलेले असते आणि ती तारीख सहसा ३१ मार्च असते. मार्चमध्ये काढलेला दाखला अर्जाच्या वेळी कालबाह्य ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

त्या पाच मुलांना मात्र बारावीपर्यंत थांबवू नका. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच मिळते. तिचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो, पण आपल्याकडे अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. ज्यांच्याकडे जातीचे प्रमाणपत्र नसेल त्यांचे काम याच महिन्यात सुरू करा, कारण जुने पुरावे गावाकडून आणावे लागले तर सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. उत्पन्न अडीच ते साडेचार लाखांच्या दरम्यान असलेल्या मुलांनी बारावीनंतर केंद्राच्या आधी सांगितलेल्या पीएम-यूएसपी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा.

आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलीविषयी. नवा अर्ज तिला आता करता येणार नसला, तरी तिच्या महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती विभागात तिला आपण स्वतः घेऊन जा. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. सोबत बारावीची गुणपत्रिका आणि हाती आलेला तो उत्पन्नाचा दाखला न्यायला विसरू नका.