मदत हवी आहे: सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये का विरघळत नाही?

नमस्कार. माझ्याकडे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे दोन नमुने आहेत. एकाचा डीएस, म्हणजे दर ग्लुकोज एककावरच्या तीन हायड्रॉक्सिल गटांपैकी सरासरी कितींवर अ‍ॅसिटिल बसले तो आकडा, २.४५ आहे, दुसऱ्याचा २.९, म्हणजे जवळजवळ ट्रायअ‍ॅसिटेटच. पहिला अ‍ॅसिटोनमध्ये छान विरघळतो. दुसरा कितीही ढवळला तरी नुसता फुगतो. तोच डायक्लोरोमिथेनमध्ये थोडं मिथेनॉल घालून टाकला की घट्ट, पारदर्शक द्रावण मिळतं.

इथेच मी अडकलो आहे. दोन्ही द्रावकांचा हिल्डब्रँड मापांक, म्हणजे रेणू एकमेकांना किती धरून ठेवतात ते सांगणारा आकडा, जवळपास सारखाच, २० च्या आसपास. मग वागणं इतकं वेगळं का? शिवाय सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही ते हायड्रोजन बंधांच्या जाळ्यामुळे, असं शिकवतात. ट्रायअ‍ॅसिटेटमध्ये तर ते जाळं जवळजवळ उरतच नाही. म्हणजे तो जास्त सहज विरघळायला हवा ना? फिल्म ओतायची आहे आणि डायक्लोरोमिथेन शक्यतो टाळायचं आहे. जाणकारांनी कृपया कारण समजावून सांगावं, नुसतं द्रावकाचं नाव नको.

प्रतिसाद

प्रश्न चांगला आहे. हिल्डब्रँडचा आकडा सगळी आकर्षणं एकत्र मोजतो, त्यात हायड्रोजन बंधासाठी कोण हायड्रोजन पुढे करतो (देणारा) आणि कोण त्याला धरतो (घेणारा) हे दिसतच नाही. अ‍ॅसिटोन फक्त घेणारा. २.४५ वाल्या साखळीवर काही ओएच (हायड्रॉक्सिल गट) शिल्लक असतात, ते अ‍ॅसिटोनच्या कार्बोनिल ऑक्सिजनला (कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या) धरतात. ट्रायअ‍ॅसिटेटवर देणारा जवळपास कोणी नाही. आहेत ते बसलेल्या अ‍ॅसिटिल गटांचे कार्बोनिल, म्हणजे पुन्हा घेणारेच. डायक्लोरोमिथेनमधल्या दोन क्लोरीनमुळे त्याचे हायड्रोजन किंचित आम्लधर्मी होतात आणि या कार्बोनिलांशी जुळतात. क्लोरोफॉर्मचंही तेच. उरलेसुरले ओएच मिथेनॉल सांभाळतं.

दुसरं कारण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. तिन्ही जागा भरल्या की साखळी एकसारखी होते आणि स्फटिकात नीट रचली जाते. ती रचना मोडण्याइतकी ताकद साध्या तापमानाला अ‍ॅसिटोनमध्ये नसते, म्हणून तुमचा नमुना फुगून थांबतो. मधेमधे ओएच राहिले की रचना बिघडते, आणि ते आपल्या फायद्याचं.

म्हणूनच नुसता डीएस बघू नका, गट साखळीवर कसे पसरले आहेत तेही बघा. अ‍ॅसिटिल गट पुरवणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड कमी घालून थेट २.४५ वर थांबलात तर काही साखळ्या पूर्ण भरतात, काही कोऱ्या राहतात, आणि असा माल अ‍ॅसिटोनमध्ये नीट जात नाही. कारखान्यात आधी पूर्ण अ‍ॅसिटिलीकरण करून मग थोडं पाणी घालून काही गट काढतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज माइल्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलेली हीच वाट.

फिल्मला २.९ च हवा अशी अट आहे का? नसेल तर २.४५ आणि अ‍ॅसिटोन घ्या. अट असेल तर का आहे ते सांगा, पाणी कमी शोषायला हवं म्हणून की आणखी कशासाठी, म्हणजे पुढचं सुचवता येईल.