मदत हवी आहे: छोट्या संग्रहालयासाठी व्हिजिटिंग कार्डं

नमस्कार मंडळी,

धुळे जिल्ह्यातल्या एका न्यासाच्या छोट्या संग्रहालयात मी वस्तूंची नोंदणी बघते. अभिरक्षक, जतनाचं काम करणारा सहकारी, शाळांच्या सहली सांभाळणारे काका आणि मी, अशा चौघांची कार्डं छापायची आहेत. १८ मेच्या संग्रहालय दिनाआधी हातात हवीत.

अडचण अशी की आमचं कार्ड दोन अगदी वेगळ्या माणसांकडे जातं. राजवाडे संशोधन मंडळात नाहीतर समर्थ वाग्देवता मंदिरात पोथ्या बघायला धुळ्याला आलेले संशोधक आमच्याकडेही डोकावतात. त्यांना नाव, पद, ई-मेल एवढं पुरतं. दुसरा तापीकाठचा शेतकरी. नांगरताना नाणं, खापर, कोरीव दगड निघाला की तो फोन करतो, आणि तोच आमचा खरा माहीतगार. त्याच्याकडे कार्ड गाडीच्या डिकीत नाहीतर देव्हाऱ्यामागे खोचलेलं असतं. तिथे बारीक इंग्रजी अक्षरं काय कामाची?

म्हणून पुढे ठळक मराठी आणि मागे इंग्रजी असं मला वाटतं. विश्वस्तांना मात्र साडेतीन बाय दोन इंचात पत्ता, वेळा, क्यूआर, बोधवाक्य सगळंच हवंय. एकांना तर वर राजचिन्हाचे तीन सिंहही हवेत!

नक्षीसाठी सावळदा प्रकारच्या (तापी खोऱ्यातल्या प्राचीन) चित्रित खापराचा फोटो घेतला. (तापीकाठच्या प्रकाशे गावी १९५४-५५ला उत्खनन झालं, तेव्हापासून या भागातली खापरं अभ्यासकांना ठाऊक आहेत.) पण एवढ्याशा आकारात तो नुसता तपकिरी डाग दिसतो. शिवाय प्रेसमध्ये फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर जोडाक्षरं फुटली, आणि ल, श हिंदी वळणाचे आले. मॅट लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही, आम्हाला तर कार्डावर नोंद क्रमांक लिहून द्यायचा असतो. काय करावं?

कागदवेडा: ताई, लॅमिनेशन सोडा. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) कोटिंग नसलेला कागद मागा, पेनही चालेल आणि शाईही. मजकूर शुद्ध काळ्यात ठेवा. चार रंगांतून बनवलेली बारीक अक्षरं जरा सरकली की पुसट दिसतात. नावासाठी 'टिरो देवनागरी मराठी' बघा, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. प्रेसला अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून, मग ती फुटत नाहीत) पीडीएफ द्या, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जादा भाग, सोडून. फोटोऐवजी खापरावरच्या नक्षीचं रेघांचं चित्र काढून घ्या, चौघांना चार वेगळी. क्यूआर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि भोवती पांढरी जागा हवीच.

सिंहांचा नाद मात्र नको. राजचिन्हाच्या गैरवापराला २००५च्या कायद्याने मनाई आहे, खासगी न्यासाला ते वापरता येत नाही.

जळगावकर: काय भो, सगळे कागदावरच अडकलेत! फोन नंबर संस्थेचा टाका, माणसाचा नको. माणूस नोकरी सोडतो, कार्ड वीस वर्षं देव्हाऱ्यामागे राहतं. आणि कार्डावर 'सापडलेल्या वस्तू आणून द्या' असं चुकूनही छापू नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुम्ही मदत करणारे, मालक नव्हे.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. कायद्याचं विश्वस्तांना आजच सांगते, सिंहांचंही. आता इंग्रजी मजकूर पुढेच, मराठीखाली दोन ओळींत. बोधवाक्य गेलं, क्यूआर मागे. मागच्या बाजूला ही ओळ ठरवतेय: 'शेतात जुनं काही निघालं तर धुऊ नका, हलवू नका. फोटो काढून जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि आम्हाला कळवा.' काका म्हणतात ती अहिराणीतच हवी. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे मी लिहिली तर गावात हसतील. शिरपूर-साक्रीकडचं कुणी लिहून देईल का?