सात वर्षांच्या मुलीला पाऊस कसा समजावू? (कापसाचे ढग सोडून)

चिऊची_आई
नमस्कार मंडळी. लेक दुसरीत आहे. शाळेने जलचक्राचा तक्ता करून मागितला होता. समुद्र, वर जाणारे बाण, कापसाचा ढग, खाली येणारे बाण असं सगळं रविवारी चिकटवून मोकळे झालो. रात्री झोपताना विचारते, "पुण्यात तर समुद्र नाही, मग आपल्याकडे पाऊस कसा?" म्हटलं, वारा ढग घेऊन येतो. "मग तो खारट का नसतो?" इथे माझी विकेट गेली. नेटवर बघून झिपलॉकच्या पिशवीत निळं पाणी भरून खिडकीला चिकटवलंय. चार दिवस झाले, बाहेर नुसतं मळभ आणि पिशवी ढिम्म. घरच्या घरी होईल आणि आधी मला कळेल असं काही सुचवा.

घाटमाथा
पिशवी एप्रिलमध्ये लावा हो! जुलैत ऊनच नाही, तर पाणी तापणार कशाने? त्यापेक्षा तिला दोरीवरचे कपडे दाखवा. मे महिन्यात दोन तासांत वाळणारी चादर आता दोन दिवस दमट का राहते? हवेत आधीच इतकी वाफ आहे की आणखी घ्यायला ती नाखूष असते. बाष्पीभवन हा शब्द नंतर आला तरी चालेल.

खारटपणाचं उत्तर जिभेवर द्या. पातेल्यात खारट पाणी मंद आचेवर ठेवा, वर स्टीलचं झाकण आणि झाकणावर बर्फ. रटरटू देऊ नका, नाहीतर शिंतोडे उडून झाकणही खारट होतं आणि आपलीच फजिती होते (माझी झाली होती). पाच मिनिटांनी झाकण तुम्ही उचला, गार होऊ द्या आणि आतल्या बाजूचा थेंब तिला चाखायला द्या. अगदी गोडं पाणी. वाफ वर जाते, मीठ खाली राहतं. मिठागरात तेच तर होतं, फक्त तिथे आपण वाफ सोडून देतो आणि मीठ ठेवतो.

कोकमसरबत
आमच्याकडे भांडण गार पेल्यावरून झालं. पेल्याच्या बाहेर पाणी दिसलं की चिरंजीव म्हणायचे, पेला गळतोय. मग काचेच्या पेल्यात बर्फ घालून लालभडक कोकम सरबत दिलं. बाहेर थेंब जमल्यावर पांढऱ्या रुमालाने पुसायला लावलं. रुमाल पांढराच! पेला गळत असता तर लाल झाला असता ना? दहा मिनिटं रुमाल उलटासुलटा करून बघत होता. ते पाणी हवेतलं, हे त्याचं त्यालाच सुचलं.

निवांत_बाबा
साधं सांगा की ढग म्हणजे वाफ. सात वर्षांच्या पोराला एवढं पुरे.

घाटमाथा
नाही हो बाबा, तिथेच गाडं अडतं. वाफ दिसत नाही. किटली उकळताना तोटीच्या तोंडाशी नीट बघा, थोडी जागा रिकामी दिसते. ती खरी वाफ. पुढे जो पांढरा लोट दिसतो ते बारीक थेंब. ढगही तसाच, थेंबांचा नाहीतर बर्फकणांचा. (लांबूनच दाखवा, वाफेने भाजतं.)

आणि चिऊची आई, पुण्यातल्या पावसासाठी नकाशा उघडा. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना गार होते आणि घाटमाथ्यावरच बरीचशी रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून तासाभरात वाईला पोचलात की हजाराच्याही आत. पुणंही त्याच पर्जन्यछायेत. मला सर्वांत आवडते ती पुढची गंमत: महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किमी, पण तिथे पडलेलं पाणी कृष्णेतून सुमारे १४०० किमी चालून बंगालच्या उपसागरात जातं. तक्त्यातले बाण पाण्याला ज्या समुद्रातून उचललं तिथेच परत सोडतात. चिऊला बोटाने नदी गिरवू द्या, तक्ता आपोआप दुरुस्त होईल.

निवांत_बाबा
किटली बघून आलो. माघार.

मोजपट्टी
पाऊस मोजायला लावा, मुलं रोज उठून धावतात. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा हवा. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं. बाटली कापून घेतलीत तर बुडाच्या खळग्यांमुळे आकडा चुकतो. रोज सकाळी साडेआठला (वेधशाळाही तेव्हाच मोजते) पट्टी बुडवायची, लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. एक मिलीमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिमी पडला तर सुमारे ९३० लिटर, म्हणजे हजार लिटरची टाकी भरत आली. हे ऐकून आमच्या कन्येने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं होतं.

चिऊची_आई
सगळ्यांचे आभार. थेंब चाखून झाला. "मीठ वर जायला जड आहे का?" असं विचारून झालं. कोकम आज संध्याकाळी.

डबा बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला होता. पहिल्या दिवशी ३ मिमी, दुसऱ्या दिवशी ५, आज सकाळी एकदम ४१! चिऊ नाचत शाळेत सांगायला निघालेली, रस्ता मात्र कोरडा ठणठणीत. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घातलं होतं. डबा आता गच्चीवर गेलाय आणि वहीत त्या दिवसापुढे चिऊने लिहिलंय, "काकूंचा पाऊस."