तपासायला गेलो एक, निघालं दुसरंच

गुडघा दाखवायला गेलेल्या माणसाला हृदयाचा आजार सापडतो, चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्याला थेट एमआरआयला पाठवतात. असे प्रसंग बहुतेक घरांत घडलेले असतात, पण ते 'वाचलो बाबा' एवढ्यावर संपतात. नेमकं कुणाला काय दिसलं आणि पुढे काय झालं, ते तपशिलाने लिहा. पूर्णविराम मिळालेला नसला तरी चालेल. सुरुवात मी करते.

बाबांना रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागायचं. वय बघता प्रोस्टेट असणार, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली निघालीच. ते झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रोब उजव्या बरगडीखाली नेला आणि तिथेच थांबल्या. "आजोबा, डाव्या कुशीवर वळा. श्वास घ्या, धरून ठेवा. सोडा. परत घ्या." बाबा वैतागले, लघवीच्या तक्रारीला बरगड्या कशाला बघता म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, स्क्रीनवर दोन टोकांना फुल्या टाकून माप घेत राहिल्या. उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला साडेतीन सेंटिमीटरची गाठ होती.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची पुस्तकातली तीन लक्षणं म्हणजे लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ. बाबांना त्यातलं एकही नव्हतं. सर्जन म्हणाले, ही तिन्ही एकत्र घेऊन येणारा पेशंट बहुधा उशिरा आलेला असतो, आणि हल्ली निम्म्याहून जास्त केसेस अशाच, दुसऱ्या कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात. गाठ लहान असल्यामुळे तेवढाच भाग काढला, मूत्रपिंड वाचलं. केमो वगैरे काही लागलं नाही, ठरावीक अंतराने सीटी होतो. प्रोस्टेटची गोळी चालू आहे. रात्रीचं उठणं काही कमी झालेलं नाही!

* * *

माझी भाची, कॉलेजला. डोकं दुखतं म्हणून ताई तिला चष्म्याचा नंबर काढायला घेऊन गेली. मोबाइलवरून बोलणी खाऊन झाली होतीच. नंबर फारसा बदलला नव्हता. तपासणाऱ्या मुलीने तरीही थेंब घालून डोळ्यांचा मागचा पडदा बघितला. मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते त्या चकतीची कड नेहमी रेखीव दिसते. हिच्या दोन्ही डोळ्यांत ती पुसट, सुजलेली होती. एका डोळ्यात असतं तर कारण डोळ्यात शोधलं असतं. दोन्हीकडे म्हणजे कवटीतला दाब वाढला असण्याची शंका.

"आजच एमआरआय करा, उद्यावर टाकू नका," असं तिने चिठ्ठीवर लिहून दिलं आणि तोंडानेही दोनदा सांगितलं. मेंदूच्या मधल्या पोकळीत कोलॉइड सिस्ट निघाली. साधी गाठ, कर्करोग नाही, पण अशा जागी की मेंदूतल्या पाण्याची वाट अडलेली. अशा गाठीने माणूस अचानक दगावूही शकतो, हे आम्हाला ऑपरेशन झाल्यावर सांगितलं, आणि ते बरंच केलं. दुर्बिणीतून काढली. भाची आता परीक्षेला बसते आहे.

* * *

रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, 'जरा येऊन भेटा'. हिपॅटायटीस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा, रक्तातून पसरणारा विषाणू. लहानपणी मोठ्या ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं. तो विषाणूच १९८९ साली ओळखला गेला, त्याआधी तपासणार तरी कशाने? बारा आठवडे गोळ्या घेतल्या, विषाणू गेला. रक्तदान मात्र आता कायमचं बंद, त्याचं वाईट वाटतं.

* * *

मी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे माझा अनुभव टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधीचं रुटीन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी होती. पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. मशीनने दीड लाखाच्या वर आकडा दाखवला. पहिल्यांदा माणूस नळीवरचं लेबल बघतो. ते बरोबर होतं. नमुना पुन्हा लावला, तोच आकडा. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर एरवी अस्थिमज्जेतच राहणाऱ्या अर्धकच्च्या पेशी, सगळ्या टप्प्यांच्या, रक्तात गर्दी करून होत्या. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना उठवून आणलं.

तो गृहस्थ बाहेर बाकावर पेपर वाचत बसला होता, ऑपरेशनची तारीख कधी मिळेल म्हणून विचारत होता. सीएमएल निघाला, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. या आजारावर २००१ साली इमॅटिनिब बाजारात आलं आणि चित्रच पालटलं. रोजच्या गोळीवर माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात. हा गृहस्थ दर काही महिन्यांनी तपासणीला येतो. हर्नियाही झाला त्याचा, नंतर.

* * *

आमच्या दादाला दातांच्या डॉक्टरांनी पकडलं. खालच्या दातांत फटी पडत चालल्या म्हणून गेला होता. त्यांनी जबडा बघितला, हात बघितले आणि विचारलं, "अंगठी घट्ट होते का हो? चपलेचा नंबर वाढलाय?" दोन्ही खरं होतं. वहिनीने अंगठी साबण लावून काढली होती, वजन वाढलंय म्हणून. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ, तिच्यातून वाढीचं हार्मोन जास्त पाझरत होतं. नाकावाटे ऑपरेशन झालं. रोज बघणाऱ्यांना चेहरा बदललेला कळत नाही. जुन्या फोटोशेजारी ठेवल्यावर आम्ही सगळे गप्प झालो.

* * *

थोडं उलट बाजूने लिहितो. आईच्या मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करताना थायरॉइडमध्ये सहा मिलिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान गाठीत सुई घालायचीही गरज नाही, वर्षाने बघू. घरात मात्र सुतक पडलं. दक्षिण कोरियात सरसकट थायरॉइडची सोनोग्राफी होऊ लागली तेव्हा १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे. म्हणजे सापडलेलं प्रत्येक मारणारं नसतं. वर वाचलेले किस्से बघून कुणी उगाच फुल बॉडी स्कॅन करायला धावू नये, म्हणून हे लिहिलं.

* * *

सापडणं आणि कुणीतरी वाचणं यातही अंतर असतं. मामांच्या घोट्याच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे झाला. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'उजव्या फुप्फुसात लहान गोल सावली, सीटी करावा' असं लिहिलेलं. ऑपरेशनच्या दृष्टीने छाती ठीक होती, म्हणून ती ओळ कुणी बोललंच नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डिस्चार्जच्या वेळी मामीने फाईल लावताना ती वाचली आणि विचारलं. मग एका जुन्या, नोकरीला लागतानाच्या एक्स-रेची शोधाशोध. तो माळ्यावर मिळाला. त्यात सावली नव्हती, म्हणजे ती नवी. सीटीत आठ मिलिमीटर भरली. सध्या फक्त लक्ष ठेवून आहेत, त्यानंतरचा पहिला स्कॅन आधीसारखाच आला. मामा सिगरेट ओढायचे, त्यामुळे पुढचा टाळता येणार नाही असं सांगितलंय. तुमच्यापैकी कुणाची अशी गाठ नुसती बघत ठेवली असेल तर किती महिन्यांनी बोलावतात, आणि किती वर्षांनी 'आता येऊ नका' म्हणतात?