मदत हवी आहे : एचयूडी (पडद्यावरचे आकडे, पट्ट्या, खुणा) काढून टाकलेला सर्व्हायव्हल शूटर, खेळाडूला माहिती द्यायची कशातून?

अंधारी_४३१
मंडळी, गोडॉट ४ या गेम इंजिनमध्ये फर्स्ट पर्सन (खेळाडूच्याच नजरेतून दिसणारा) सर्व्हायव्हल शूटर करायलोत. सगळं कोसळून वीसेक वर्षं झालीत, हवेत विषारी धूळ. पहिला टप्पा बालाघाटातलं ओसाड गाव आणि त्याचा काळ्या मातीचा शिवार, शेवटचा देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोख्या बोगद्याची वाट. पडद्यावर एकही आकडा नाही. पण खेळून बघणारे म्हणतात, काय चाललंय तेच कळत नाही, वर मास्कची काच दर दहा सेकंदांनी पुसून वैताग आला. सध्या काचेवर धुकं ठरावीक वेगानं चढतं आणि बटण दाबलं की जातं. मदत हवी ती मास्क, पाणी, पावलांचे आवाज आणि गोळ्यांची मोजणी यांत.

काजळी
मास्कचा वैताग येतोय, कारण धूळ आणि वाफ तुम्ही एकच धरलीत. धूळ काचेच्या बाहेर असते, वाफ आत. बाहेरून हात फिरवून आतली वाफ जात नाही. मेट्रो एक्सोडस या गेममध्ये (२०१९) हातानं काच पुसायची सोय आहे, ती बाहेरच्या घाणीसाठी शोभते. म्हणून दोन वेगळे थर करा.

बाहेरचा थर : धूळ, चिखल, रक्त. काचेवर घाण कुठं किती ते नोंदवणारं २५६ × २५६ पिक्सेलचं चित्र (टेक्स्चर) पुरतं. पुसायचं ॲनिमेशन ०.८ ते १ सेकंद, डाव्या हातानं, तेवढा वेळ नेम नाही. कोरडी धूळ हातानं घासली की बारीक ओरखडे कायमचे राहू द्या, ओल्या फडक्यानं पुसली तर नाही. मग खेळाडू पाणी प्यायचं की काचेला लावायचं याचा विचार करतो.

आतला थर : उच्छ्वास साधारण ३४ अंशांचा आणि जवळजवळ पूर्ण दमट असतो. काच त्याहून गार असेल तरच वाफ धरते. म्हणजे मे महिन्यात ४२ अंशांत धुकं शून्य. डिसेंबरच्या पहाटे आणि पावसात मात्र भरपूर. काचेचं तापमान हा एक आकडा ठेवा आणि (३४ वजा तापमान) गुणिले श्वासाची गती असं गणित करा. उणे आलं की शून्य. श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते १६, पळून आल्यावर ३५-४०. उतारा एकच : थांबून श्वास शांत होऊ देणं. चांगल्या मास्कमध्ये आत येणारी हवा आधी काचेवरून फिरते, त्यामुळे धुकं आपोआप विरतं. बटण नको.

फिल्टरचंही तसंच. धुळीचा फिल्टर भरत जातो तसा तो हवा खराब सोडत नाही, उलट श्वास ओढायला जड होतो. श्वास घ्यायचा आवाज १.२ सेकंदांवरून २ पर्यंत लांबवा आणि सलग पळायचा वेळ कमी करा. वायूचा फिल्टर मात्र संपताना काही सांगत नाही, थेट खोकलाच. मनगटी घड्याळावर फिल्टरची वेळ दाखवणं मेट्रोत चालून गेलं. तुम्ही ते उचलू नका, त्याची नक्कल सगळेच करतात.

अंधारी_४३१
काजळीभाऊ, मोठा घोळ मिटला. पण आतल्या थराला ब्लर (धूसरपणा) लावला तर काही फरकच दिसत नाही. शेडर (चित्र बदलणारा छोटा कोड) कॅनव्हासलेयरवरच्या, म्हणजे पडद्यावर पसरलेल्या सपाट थरातल्या, कलररेक्टला आहे.

काजळी
शेडरमध्ये पडद्याचं चित्र देणाऱ्या हिंट स्क्रीन टेक्स्चरला लिनिअर मिपमॅप फिल्टर (चित्राच्या लहान प्रती वापरायची सेटिंग) लावलाय का बघा. तो नसेल तर एलओडी (कितवी लहान प्रत घ्यायची तो आकडा) कितीही वाढवा, ब्लर होत नाही. आणि मास्क कॅमेऱ्यापुढे क्वाड (त्रिमितीतला चौकोनी पत्रा) म्हणून लावू नका, भिंतीजवळ गेलं की बंदूक त्यातून बाहेर येते.

हापशाची_साखळी
पाण्यासाठी तुमच्या गावात हापसा ठेवा, आयकॉन नको. भारतभर पसरलेल्या इंडिया मार्क २ या हापशाची मुळं जालन्यात बनलेल्या जालना पंपापर्यंत जातात. तेव्हा तो इथं उपरा वाटणार नाही.

चांगला हापसा मिनिटाला ४० हापशांत १२ ते १५ लिटर देतो, म्हणजे घागर भरायला साधारण एक मिनिट. खेळात २० सेकंदांवर आणा, पण तेवढा वेळ दोन्ही हात गुंतलेले आणि पाठ उघडी राहू द्या. दांड्याच्या टोकाला वरच्या डोक्यात साखळी असते. तिला ग्रीस नसलं की करकर लांबवर जाते. ग्रीसचा डबा सापडला तर आवाज बंद. हा सौदा खेळाडूला न सांगता कळतो.

बिघाड दोन ठेवा, त्यांची लक्षणं वेगळी. खालचा व्हॉल्व्ह गळत असेल तर पाइपातलं पाणी रात्रीतून उतरतं : सकाळचे पहिले बरेच हापसे कोरडे, मग धार नीट. सिलिंडरमधले वायसर झिजले असतील तर धार शेवटपर्यंत बारीकच. आता याचा उपयोग बघा. सकाळी पहिल्याच हापशाला पाणी आलं आणि व्हॉल्व्ह गळका आहे हे खेळाडूला ठाऊक आहे, तर नुकतंच कुणीतरी इथं पाणी भरून गेलंय. एकही संवाद, पडद्यावर एकही बाण लागत नाही.

पांढरीची_माती
पावलांबद्दल. पृष्ठभाग कोलायडरच्या (टक्कर मोजणाऱ्या अदृश्य आकाराच्या) टकरीवरून ओळखू नका, पायापासून खाली छोटा रे (अदृश्य सरळ रेषा) सोडा. खेळाडूचा कोलायडर, म्हणजे कॅप्सूल, दोन पृष्ठभागांवर असली की चुकीचा आवाज वाजतो. प्रत्येकाच्या आवाजाचे ५-६ नमुने ऑडिओस्ट्रीमरँडमायझरमध्ये (गोडॉटमधली आवाज आलटून पालटून वाजवायची सोय) घाला, 'पुनरावृत्ती टाळा' हा मोड, पिच (आवाजाची पट्टी) थोडीशीच बदलती. जास्त बदललात तर कार्टून होतं.

काळी माती ऋतूनुसार दोन वेगळे पृष्ठभाग धरा. उन्हाळ्यात भेगा आणि फुटणारी ढेकळं. पावसात ती बुटाला चिकटते : दर पावलाला थर वाढवा, वेग १५-२० टक्क्यांनी उतरवा, आवाज जड करा. दगडी पायरीवर पाय घासला की थर गळतो, आणि तिथं ताजा चिखल दिसतो. शत्रूचाही दिसला पाहिजे, नाहीतर अर्धंच काम झालं.

घरं माळवदाची असतील ना? तुळया, फळ्या, वर मातीचा जाड थर. वरून चालणाऱ्याचा आवाज दबका येतो, पण खालच्या खोलीत माती झरते. खाली लपलेल्याला वरचा माणूस नेमका कुठं आहे ते कळतं, आणि उलटही. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकावी लागते. वीस वर्षं कुणी टाकलेली नाही म्हटल्यावर बहुतेक गळून बसलेलीच दाखवा, दोन-चार उभी. पत्र्याचं छप्पर वेगळंच : दिवे लागणीला पत्रा गार होताना आपोआप टणटणतो. तो आवाज पावलासारखा ऐकू येतो, तसाच राहू द्या. आणि शिवारात ज्वारी नको, वीस वर्षांत वेडी बाभूळ माजलेली असेल.

छर्रा
गोळ्या सोप्या. बाराबोअर दुनळी द्या. मोडून बघितली की काडतुसांची दोनच बुडं दिसतात, उडालेल्या काडतुसाच्या बुडावरच्या टोपीत खड्डा असतो. मोजणी झाली. कागदी काडतुसं ओलाव्यानं फुगतात आणि नळीत शिरत नाहीत, तेव्हा पावसात काडतुसं कशात ठेवली याला अर्थ येतो. बंदूक उगाच अडकवू नका. फार क्राय २ या गेममध्ये (२००८) शत्रूकडून उचललेल्या बंदुका गंजक्या दिसतात आणि लवकर अडकतात. आधी डोळ्यांना दिसलेलं असतं, म्हणून राग येत नाही.

अंधारी_४३१
सगळ्यांचे आभार. शेवटचं : अंधारीत टॉर्च दिली तर भीती जाते, नाही दिली तर खेळाडू भिंतीला धडकत बसतो.

काजळी
टेंभा (मशाल) द्या. अंधारीच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून बोगद्यात धूर कोंडायची जुनी व्यवस्था होती, तीच तुमचा सापळा. धुरात फिल्टर झपाट्यानं भरेल, श्वास जड होईल, खेळाडू नवा फिल्टर लावेल आणि निर्धास्त होईल. पण कार्बन मोनॉक्साइड साध्या फिल्टरनं अडत नाही. म्हणून श्वास हलका ठेवा आणि नजर हळूहळू डोलवा, कानात ठोके वाढवा. सुटकेची खूण ज्योतीत ठेवा : जिकडून हवा येते त्याच्या उलट बाजूला ज्योत कलते. वळणावळणावर टेंभा खाली धरून थांबलं तरच ते दिसावं, चालताना नाही. चालताना ज्योत मागेच झुकणार.

पांढरीची_माती
वटवाघळं विसरू नका तिथली. आणि नजर डोलवणं सेटिंगमधून बंद करता आलं पाहिजे, अनेकांना मळमळतं. बंद केलं तर ठोके दुप्पट ठळक करा.